उमरग्याच्या शिवारात रात्री दोनला येणारी लाईट आणि बाबासाहेबांनी 1943 मध्ये मांडलेलं विजेचं गणित

उमरगा तालुक्यात शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, रब्बीच्या दिवसांत झोप कधी होते? उत्तर एकच मिळेल : लाईटची पाळी कोणती आहे त्यावर.

दिवसाची पाळी असेल तर ठीक. रात्रीची असेल तर कानाला मफलर, हातात बॅटरी आणि विहिरीवर मुक्काम. लाईट आली की स्टार्टर दाबायचा आणि अंधारात दारं धरायची. साप-विंचवाची भीती असतेच. त्यात कधी एक फेज गेलेला असतो, कधी डीपीच जळालेली असते. मग पुढचे काही दिवस नवीन रोहित्राची वाट बघायची.

या त्रासाच्या मागं तीन प्रश्न आहेत. वीज स्वस्त कशी मिळेल? ती हवी तेव्हा, भरवशानं कशी मिळेल? आणि ती तयार करताना जो धोका असतो तो कुणाच्या वाट्याला जाईल?

आज सोलर की कोळसा, धरण की अणुऊर्जा, सरकारी की खासगी अशी चर्चा टीव्हीवर रंगते तेव्हा ती याच तीन प्रश्नांभोवती फिरत असते. हे प्रश्न दिल्लीच्या सरकारी टेबलावर नीट मांडणाऱ्यांमध्ये एक नाव असं आहे, की ज्याचा विजेशी संबंध होता हेच बहुतेकांना माहीत नसतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

संविधान, चवदार तळं, काळाराम मंदिर, पुणे करार, धम्मदीक्षा हे सगळ्यांना पाठ आहे. पण 1942 ते 1946 ही चार वर्षं बाबासाहेब देशाच्या वीज आणि पाणी खात्याचा कारभार बघत होते, हे पान फारसं उघडलं जात नाही. तेच आज उघडून बघू.

रॉकेलच्या दिव्यापासून सुरुवात

14 एप्रिल 1891 ला महू इथं भीमरावांचा जन्म झाला. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचं. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोली, सातारा असं करत मुंबईला परळच्या चाळीत आलं.

चाळीत एकच खोली होती. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथंच. त्यामुळे भीमरावांनी लवकर झोपायचं आणि रात्री दोनच्या सुमाराला रामजींनी त्यांना उठवायचं, असा नेम ठरला. सगळी चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याखाली हा मुलगा अभ्यास करायचा.

तेव्हा मुंबईत वीज नव्हती असं नाही. ती होती, पण परळच्या त्या खोलीपर्यंत येण्याएवढी स्वस्त नव्हती. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं पाणवीज केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्या घाटातल्या पाण्यावर चालायला लागल्या. त्या काळातलं ते मोठं धाडस होतं. पण खासगी कंपनीची वीज जिथं गिऱ्हाईक आहे तिथंच जायची. मुंबई, पुणे अशा शहरांना ती मिळाली. निजामाच्या राज्यातल्या उमरग्यासारख्या गावात तार ओढून कुणाला काय फायदा होणार होता?

शेतीचा प्रश्न शेतात सुटणार नाही

1907 ला मॅट्रिक, 1912 ला एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती आणि 1913 ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध 1923 ला पुस्तकरूपानं आला, प्रांतांच्या अर्थकारणावरचा 1925 ला.

पण विजेच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे तो त्यांचा 1918 चा निबंध. विषय होता भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय.

तेव्हा जाणकार म्हणायचे की जमिनीचे तुकडे पडलेत म्हणून शेतकरी गरीब आहे, सबब तुकडे जोडा. बाबासाहेबांनी हिशेब उलटा मांडला. तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर भांडवल, अवजारं आणि माणसं किती लागतात त्यावर ठरतं. भारतात जमिनीच्या मानानं तिच्यावर जगणारी माणसं फार जास्त आहेत. हा जास्तीचा भार दुसरीकडं नेल्याशिवाय शेती परवडणार नाही. आणि तो न्यायचा तर कारखाने हवेत.

म्हणजे शेतीच्या दुखण्यावर त्यांनी औषध सांगितलं ते औद्योगिकीकरणाचं.

यात जातीचाही भाग होता. गावात ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला वतनाच्या नाहीतर सालगड्याच्या कामाशिवाय पर्याय नसायचा. फेब्रुवारी 1941 मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे गावी महार-मांग वतनदार परिषद भरली होती. बाबासाहेब तिथं स्वतः आले होते. वतनाच्या जोखडातून सुटून माणसानं पोट भरायचं तर गावाबाहेर काम पाहिजे, कामासाठी कारखाना पाहिजे आणि कारखान्यासाठी वीज पाहिजे. त्यांच्या विचारातली ही साखळी समजली की पुढचं सगळं समजतं.

मजूर खात्यात विजेचं काय काम?

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री.

नाव मजूर खातं असलं तरी त्या खात्याच्या पोटात बरंच काही होतं. खाणी होत्या, सरकारी बांधकामं होती, पाटबंधारे होते आणि वीजही होती. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. कारखाने सैन्यासाठी रात्रंदिवस चालू होते. रेल्वे कोळशावर, गिरण्या कोळशावर आणि बरीचशी वीजकेंद्रंही कोळशावर. कोळसा थांबला की देश थांबणार अशी स्थिती.

आणि 1943 मध्ये नेमका कोळसा कमी पडायला लागला.

खाणीतल्या बायका : सगळ्यात अवघड निर्णय

कोळसा कमी पडण्याचं कारण जमिनीखाली नव्हतं, वर होतं. खाण पट्ट्याच्या आसपास लष्कराची बांधकामं सुरू झाली होती. उघड्या हवेत काम आणि मजुरी बरी. मग अंधाऱ्या खाणीत जीव धोक्यात घालायला कोण उतरणार? मजूर खाणी सोडून जायला लागले.

त्याआधी, 1937 पासून, बायकांना खाणीत जमिनीखाली काम करायला बंदी होती. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं मान्यता दिलेली होती. 1943 मध्ये सरकारनं युद्धाच्या निकडीचं कारण देत ही बंदी तात्पुरती उठवली. नवरा कोळसा फोडणार आणि बायको तो भरणार, अशी जोडी पुन्हा खाणीत उतरायला लागली.

हे घडलं बाबासाहेबांच्या खात्यात.

देशभरातून टीका झाली. 8 फेब्रुवारी 1944 ला मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली. महिलांच्या प्रतिनिधी असलेल्या रेणुका रे यांनी सरकारला धारेवर धरलं. कामगारांचा नेता म्हणून ओळख असलेल्या माणसाला, कामगार बायकांना धोक्यात घालणाऱ्या निर्णयाची बाजू मांडायला उभं राहावं लागलं.

बाबासाहेबांनी हा निर्णय चांगला आहे असा आव आणला नाही. कोळशाची टंचाई खरी आहे आणि ही सवलत टंचाईपुरतीच आहे, अशी त्यांची भूमिका होती. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी द्यावी लागेल, हीसुद्धा अट घातलेली होती. बंदी पुन्हा लागू झाली ती फेब्रुवारी 1946 पासून.

तो निर्णय बरोबर होता का, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. पण एक गोष्ट त्यातून उघडी पडली. देश एकाच इंधनावर अवलंबून असेल आणि ते कमी पडलं, तर त्याची किंमत सगळ्यात खालच्या माणसाला, इथं तर सगळ्यात खालच्या बाईला, मोजावी लागते.

त्याआधी डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब धनबादच्या पट्ट्यात गेले होते. तिथं ते स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरं पाहिली, त्यांच्याशी बोलले. पाठोपाठ जानेवारी 1944 मध्ये खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. कोळशावर टनामागे उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांसाठी दवाखाने, घरं, पाणी, शिक्षण यांची सोय करायची, अशी ती योजना.

वरवर बघता हा साधा कल्याणकारी निर्णय वाटतो. पण त्यामागचा हिशेब महत्त्वाचा आहे. मजुराची तब्येत आणि त्याचा जीव हा कोळशाच्या खर्चाचाच भाग आहे, तो किमतीत धरला पाहिजे, असं या निर्णयानं मान्य केलं. त्याआधी कोळसा स्वस्त दिसायचा, कारण त्यातला बराच खर्च मजूर आपल्या अंगावर काढत होता.

25 ऑक्टोबर 1943 : विजेचे सगळे प्रश्न एका टेबलावर

युद्ध चालू असतानाच, ते संपल्यावर देश कसा उभा करायचा याची आखणी सुरू झाली होती. त्यासाठी वेगवेगळ्या धोरण समित्या होत्या. सार्वजनिक बांधकामं आणि वीज यांच्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. 25 ऑक्टोबर 1943 ला दिल्लीत तिची बैठक झाली.

तेव्हाची परिस्थिती काय होती? स्वातंत्र्याच्या वेळी, म्हणजे चार वर्षांनंतरही, सगळ्या देशाची वीजनिर्मिती क्षमता होती 1,362 मेगावॅट. आज एकट्या कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. यावरून अंदाज घ्या.

बैठकीत बाबासाहेबांनी जे मुद्दे मांडले, त्यांचा सारांश असा.

पहिला मुद्दा मालकीचा. वीज सरकारनं बनवायची की खासगी कंपन्यांनी? कंपन्यांनी बनवायची तर लोकांचं हित सांभाळायला अटी कोणत्या घालायच्या?

दुसरा, कारभार कुणाचा? केंद्राचा की प्रांतांचा? 1935 च्या कायद्यानुसार विजेवर दोघंही कायदा करू शकत होते, पण प्रत्यक्ष कारभार प्रांतांच्या हातात होता. नदी आणि कोळसा मात्र प्रांतांच्या सीमा ओळखत नाहीत.

तिसरा, वीज कशापासून बनवायची? कोळसा, तेल, अल्कोहोल, वाहतं पाणी असे जेवढे स्रोत आहेत त्यांची आधी मोजदाद करा. कुठं काय आहे हे न कळता योजना आखायची नाही.

आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा. वीज स्वस्त पाहिजे हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. ती मुबलकही पाहिजे. गरिबीतून सुटायचं तर कारखाने हवेत आणि स्वस्त व भरपूर वीज नसेल तर कारखान्यांच्या गप्पा पोकळ आहेत, हा त्यांचा रोख होता. 1918 च्या निबंधातली साखळी इथं पूर्ण झाली.

1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. देशात वीज कुठं आणि कशी तयार करता येईल याची पाहणी आणि आराखडे हे त्याचं काम. एप्रिल 1945 मध्ये पाण्यासाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग आला. त्याचे पहिले अध्यक्ष झाले ए. एन. खोसला हे भारतीय अभियंते. आजचा केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांची मुळं शोधत मागं गेलं की या दोन संस्थांपाशी पोहोचता येतं.

दामोदर : पूर, पाणी आणि वीज एकाच हिशेबात

1943 च्या जुलैमध्ये बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटला. कलकत्त्याला देशाशी जोडणारा रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही पाण्याखाली गेले. ऐन युद्धात कलकत्ता तुटलं.

बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिच्यात होते. अमेरिकेत 1933 मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण स्थापन झालं होतं, तसं काही दामोदरसाठी करावं अशी सूचना पुढं आली. बाबासाहेबांच्या खात्यानं ती उचलली. टेनेसीत काम केलेले अभियंते डब्ल्यू. एल. वूर्डुइन यांच्याकडं आराखड्याचं काम गेलं. 1945 मध्ये जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात परिषदा झाल्या. बंगाल, बिहार आणि केंद्र एका टेबलावर आले.

तोपर्यंतचा सरकारी विचार असा होता की पूर म्हणजे संकट, बांध उंच करा, पाणी लवकर समुद्रात सोडा. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओडिशाच्या नद्यांवर परिषद झाली तेव्हा बाबासाहेबांनी या विचारालाच हात घातला. त्यांचं म्हणणं, पाणी ही संपत्ती आहे. जास्तीच्या पाण्यानं माणसाचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त पाणी नसल्यानं होतं. मग ते समुद्रात कशाला घालवायचं? साठवा, त्यावर शेती भिजवा, वीज करा, जमलं तर नावाही चालवा.

दुष्काळात टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यातला विजेचा भाग नीट बघण्यासारखा आहे. धरणावरच्या विजेला इंधन लागत नाही, पण बांधतानाच मोठा पैसा ओतावा लागतो आणि पाऊस कमी पडला की वीज कमी. कोळशाचं केंद्र त्या मानानं लवकर उभं राहतं, बारा महिने चालतं, पण रोज इंधन जाळावं लागतं. एकाची कमजोरी ते दुसऱ्याचं बळ. म्हणून दामोदर खोऱ्यात पाणवीजेला कोळशाच्या वीजकेंद्राची जोड दिली गेली. दोन्ही तारांनी जोडले की एक थकला तर दुसरा सांभाळून घेतो. ग्रीडची कल्पना ती हीच. एकाच विहिरीवर सगळं शिवार न टाकता विहीर, बोअर आणि शेततळं तिन्ही पाइपनं जोडून घ्यावं, तसं.

बाबासाहेब 1946 च्या मध्यापर्यंत या खात्यात होते. 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला, त्याच वर्षी वीजपुरवठा कायदाही झाला. दोन्ही विधेयकं मांडली ती पुण्याचे काकासाहेब गाडगीळ यांनी, तेव्हा ते त्या खात्याचे मंत्री होते. राज्यांची वीज मंडळं याच वीजपुरवठा कायद्यातून आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 ला सुरू झालं. उमरग्याच्या माणसानं वर्षानुवर्षं ज्याला नुसतं एमएसईबी म्हटलं, ते हेच.

श्रेय कुणाचं आणि हिशेबात राहिलं काय?

हे सगळं एकट्या बाबासाहेबांनी केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. कल्पनेत साहांचा वाटा होता, आराखड्यात वूर्डुइन आणि खोसलांचा, कायद्यात गाडगीळांचा. बाबासाहेब अभियंते नव्हते. त्यांनी केलं ते धोरणाचं काम. प्रश्न नीट मांडले, भांडणाऱ्या प्रांतांना एकत्र बसवलं आणि संस्था उभ्या केल्या.

आणि सगळं मनासारखं झालं असंही नाही. दामोदरच्या आराखड्यातली सगळी धरणं बांधलीच गेली नाहीत. पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच झाली. त्यामुळे पुराचा धोका कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. या धरणांखाली आणि ओडिशाच्या हिराकुडखाली शेकडो गावं गेली. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्यातल्या अनेकांना पुनर्वसनासाठी पिढ्यानपिढ्या भांडावं लागलं. खाणीतल्या मजुराचा खर्च कोळशाच्या किमतीत धरला गेला, तसा विस्थापितांचा खर्च धरणाच्या किमतीत पुरता धरला गेला नाही.

सरकारी मंडळांचंही तसंच. खेडोपाडी तार पोहोचवली ती त्यांनीच. एखाद्या कंपनीला उमरग्यासारख्या तालुक्यात नफा दिसला नसता. पण गळती, वीजचोरी आणि थकबाकी यांच्या ओझ्याखाली मंडळं वाकली. 2005 मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे तुकडे झाले.

शेवटची वर्षं

1947 मध्ये राज्ये आणि अल्पसंख्याक या टिपणात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. संविधानात वीज समवर्ती सूचीत राहिली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संघ सूचीत आला आणि अणुऊर्जाही केंद्राकडं गेली.

बाबासाहेब देशाचे पहिले कायदामंत्री झाले. पण त्यांना मनापासून हवं होतं ते नियोजनाचं खातं. ते मिळालं नाही, ही खंत त्यांनी 1951 मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना उघडपणे नोंदवली. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षभरात हिराकुड आणि मैथन ही दोन्ही धरणं सुरू झाली. ती बघायला ते नव्हते.

मग आज त्याचं काय?

बाबासाहेबांच्या पश्चात महाराष्ट्रानं या तिन्ही प्रश्नांची परीक्षा पुन्हा पुन्हा दिली.

धोका : 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला आणि वीजनिर्मिती बंद पडून मुंबई अंधारात गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं औसा आणि उमरगा तालुक्यांचं कंबरडं मोडलं. जमीन हलू शकते हे या भागाला पुस्तकात वाचायची गरज राहिली नाही.

खर्च : दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला. वीज होती, पण परवडेना. 2001 मध्ये तो बंद पडला.

भरवसा : 2013 च्या दुष्काळात मराठवाड्याचं हक्काचं परळी औष्णिक केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. 2015 मध्ये पुन्हा तेच. कोळसा होता, यंत्रं होती, पण वाफ करायला आणि थंड करायला पाणी नव्हतं. कोळशाची वीजसुद्धा पावसावर अवलंबून असते, हे तेव्हा कळलं.

आता धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशीच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. शेतात सोलर पंप बसतायत, गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची योजना चालू आहे. उन्हाला इंधनाचा खर्च नाही आणि मराठवाड्यात उन्हाची टंचाईही नाही. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घरातले दिवे तेव्हाच लागतात. म्हणजे सोलरलाही जोडीदार लागणार. बॅटरी असो, धरण असो की कोळसा. साठवणुकीचा खर्च कुणी द्यायचा, पवनचक्कीखाली जमीन गेलेल्याला काय मिळणार, हे प्रश्नही आलेच.

म्हणजे इंधन बदललं, प्रश्न तेच राहिले. कुठलाही एकच स्रोत सगळ्याला पुरणार नाही. स्वस्त दिसणाऱ्या विजेचा उरलेला खर्च कुणाच्या अंगावर पडतोय ते बघावं लागेल. आणि वीज नुसती असून चालत नाही, ती शेवटच्या माणसापर्यंत, त्याला हवी तेव्हा पोहोचावी लागते.

परळच्या खोलीत रात्री दोनला उठणाऱ्या मुलाकडं वीज नव्हती. उमरग्याच्या शेतकऱ्याकडं आज ती आहे, पण तीच त्याला रात्री दोनला उठवते. तो दिवसा दारं धरून रात्री घरी झोपेल, तेव्हा 1943 ला मांडलेल्या त्या गणिताचं उत्तर निदान उमरग्यापुरतं तरी जुळलं असं म्हणता येईल.